मेळघाटात चार दिवस : दहा मोनोई आणि बारी

मी अमरावतीची. पण शाळेच्या सहलीत एकदा मेळघाटातल्या चिखलदऱ्याला जाऊन उलट्या करून आले, ती पुन्हा कधी वर गेलेच नाही. लग्नानंतर पुण्यात राहून महाबळेश्वर पाच वेळा झालं, हे बाबांना सहन होत नाही. "घरचा डोंगर सोडून परक्याच्या डोंगरावर काहून जाता?" हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न. यंदा नाताळच्या सुटीत माहेरी होतो, तेव्हा त्यांनी प्रश्न विचारलाच नाही, परस्पर गाडी ठरवून टाकली.

आम्ही सहा जण. आई, बाबा, मी, नवरा, नऊ वर्षांची मुक्ता आणि पाच वर्षांचा नील. बाबांचे गुडघे, आईची थंडी आणि नीलचं घाटातलं पोट, एवढं सांभाळायचं म्हणून एक नियम केला : रोज एकच मोठी गोष्ट बघायची आणि दुपारी जेवल्यावर कुणी कुणाला पळवायचं नाही. ३१ डिसेंबरला वर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून २३ ते २६ डिसेंबर ठरलं.

दिवस पहिला : परतवाडा, मोथा, देवी पॉइंट

आठला निघू म्हणता म्हणता साडेनऊ झाले. अमरावती ते परतवाडा पन्नासेक किलोमीटर, दोन्ही बाजूंनी वेचणीच्या शेवटाला आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तुरी. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग. आईनं भाव करून एक पिशवी घेतली आणि पुढच्या चार दिवसांत गाडीत संत्र्याशिवाय दुसरा वास आला नाही.

परतवाडा आणि अचलपूर ही जोडगावं. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. मूर्तिजापूरहून इथपर्यंत यायची ती शकुंतला, छोट्या रुळांची गाडी. बाबा तरुणपणी तिच्यातून उतरून चालत्या गाडीसोबत चालायचे म्हणे. ही गोष्ट मी चाळीस वर्षांत इतक्या वेळा ऐकली आहे, की चालण्याचं अंतर दर वेळी किती वाढतं तेही सांगू शकेन. परतवाड्यात लाकडाच्या वखारी दिसायला लागतात, सागवानाचा वास येतो. पेट्रोलची टाकी इथेच भरून घ्यावी, रोख पैसेही इथेच काढावेत.

धामणगाव गढीनंतर घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर नीलनं कार्यक्रम उरकला. प्लास्टिकची पिशवी तयार होती, मी माझ्या सहलीवरून शहाणी झाले होते. मुक्तानं मात्र "आई पण इथेच ओकली होती का?" असं विचारून माझी जुनी अब्रू गाडीत काढली.

चिखलदऱ्याच्या थोडं अलीकडे मोथा लागतं. गवळ्यांचं गाव. इथला खवा आणि रबडी चिखलदऱ्यात विकायला जाते. अलीकडे इथले शेतकरी स्ट्रॉबेरीही लावतात. महाबळेश्वरसारखे तिचे बोर्ड आणि क्रीमची दुकानं नाहीत. रस्त्याला लागून वाफे, कडेला एक काकू टोपली घेऊन बसलेल्या. त्यांनी मुलांना वाफ्यात जाऊन हातानं तोडू दिल्या. "लाल झाल्याच तोडजो रे बाबू, हिरवीले हात नको लावू," एवढीच अट. नीलनं तोडलेल्यांपैकी निम्म्या टोपलीपर्यंत पोचल्याच नाहीत. काकूंनी वजन करताना त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हसून दहा रुपये जास्त लावले. न्याय झाला.

चिखलदरा साधारण अकराशे मीटर उंचीवर आहे. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकला, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा, ही कथा प्रत्येक चहावाला सांगतो. इंग्रजांच्या लेखी मात्र हे ठिकाण १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनला 'सापडलं'. कोरकू आदिवासी आणि गवळी तेव्हा इथेच होते, पण ते काही हरवले नव्हते, त्यामुळे त्यांच्या सापडण्याची तारीख नाही. साहेब मागे ठेवून गेला ती कॉफी. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच.

संध्याकाळी देवी पॉइंट. खडकाच्या कपारीत देवी, वरून पाणी ठिबकतं आणि चंद्रभागा नदी इथून निघते. आईनं लगेच हात जोडून "पंढरीची?" असं विचारलं. पंढरीची नाही. ही पूर्णेला मिळणारी वऱ्हाडातली चंद्रभागा. "असो, नाव तर तेच आहे," म्हणून आईनं तीर्थ घेतलंच.

जिथं उतरलो त्या लॉजचं नाव घेत नाही. गिझर होता, पण गिझरला वीज नव्हती. रात्री सहा जण दोन खोल्यांऐवजी एकाच खोलीत झोपलो, आईच्या रजईत दोन्ही मुलं. घरून पांघरुणं न्यावीत. डिसेंबरात मेळघाटची थंडी पुण्याच्या स्वेटरला ऐकत नाही.

दिवस दुसरा : गाविलगड, आणि पाचाचा वाद

सकाळी गाविलगड. चिखलदऱ्यापासून जवळच आहे, गाडी पार पहिल्या दरवाजाजवळ जाते. किल्ला व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, त्यामुळे तिकीट वनविभागाचं. लहान मुलांसोबत बघायला हा किल्ला मला सिंहगड-राजगडापेक्षा सोपा वाटला. छाती फुटेल असा चढ नाही, आत गेलं की पसरट माळ, तलाव, पडक्या इमारती, आणि सावली आहे. पण तो खूप मोठा आहे. सगळा बघायचा हट्ट धरला तर म्हातारी माणसं आणि पोरं दोघंही बसकण मारतील. आम्ही अर्धाच बघितला.

गवळ्यांचा म्हणून गाविलगड. दगडी बांधकाम बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या काळातलं, १४२५चं. पुढं इमादशाही, निजामशाही, मोगल, आणि शेवटी नागपूरकर भोसले. शार्दूल दरवाजापाशी मुक्ता जी थांबली ती हलेना. दरवाजावर सिंह कोरलेत आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड, त्यांच्या पकडीत हत्ती. एवढाले हत्ती उंदरासारखे धरलेत. "दोन तोंडं असली तर जेवतं कुठल्या तोंडानं?" नीलचा प्रश्न. बाबा म्हणाले, "दोन्ही. पण पोट एकच, तुझ्यासारखं."

पुढची गोष्ट बाबांनी सावलीत बसून सांगितली. १८०३ सालचा डिसेंबर, म्हणजे आम्ही गेलो तोच हंगाम. इंग्रजांचे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन दोघं चालून आले. अडगावची लढाई जिंकून झाली होती, भोसल्यांचा हा शेवटचा मोठा आसरा. स्टीव्हन्सनच्या माणसांनी तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या. मी ज्या रस्त्याला गाडीत बसून नावं ठेवत होते, त्याच डोंगरातून, रस्ता नसताना. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. आतला तट मात्र शाबूत होता, तो शिड्या लावून चढले आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेणीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेलं. बारा वर्षांनी हाच वेलस्ली वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा होता. वॉटर्लू आमच्या पुस्तकात होतं. घराजवळच्या बेणीसिंगाचं नाव मी चाळिशीत बापाकडून ऐकलं.

नीलला यातलं फक्त शिड्यांचं कळलं. उरलेली सकाळ तो प्रत्येक भिंतीला काडी टेकवून चढत होता. तटावर कठडे नाहीत, तेवढं पोरांचं मनगट धरून चालावं लागतं. माकडांसमोर पिशवी उघडू नका. आमची अर्धा किलो संत्री तहाशिवाय गेली.

दुपारी झोप. खरंच झोप, नियम होता.

चारनंतर पंचबोल पॉइंट. समोर खोल दरी, पलीकडे डोंगराच्या भिंती, उतारावर कॉफीचे मळे. इथं हाक मारली की ती पाच वेळा परत येते, म्हणून पंचबोल. मुक्तानं दोन्ही हात तोंडाशी धरून "आबा" अशी हाक दिली. परत आली. तीन वेळा. नील म्हणाला चार. मुक्ता म्हणाली, तीन आणि अर्धी. नवरा इंजिनिअर असल्यामुळे त्यानं वाऱ्याची दिशा, भिंतींचं अंतर वगैरे सांगायला घेतलं. शेजारी कॉलेजची पोरं एकमेकांच्या प्रेयसींची नावं घेऊन ओरडत होती, त्यामुळे कुणाची हाक कुणाकडे परत येत होती काही कळेना. पाच ऐकू येतात की नाही यावर जेवणापर्यंत भांडण चाललं. आई शेवटी म्हणाली, "पाचवी देवानं ऐकली असेल, आता जेवा." भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वर मोथ्याची रबडी. भांडण मिटलं.

दिवस तिसरा : सेमाडोह, कोलकास आणि न दिसलेला वाघ

या दिवसासाठीच सगळा खटाटोप होता. सफारीचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं. आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर लहान मुलांना घेऊन जाऊ नये, रडू आवरत नाही.

चिखलदऱ्याहून सेमाडोहचा रस्ता उतरतो तसं जंगल बदलतं. वर मोकळं, खाली सागाची दाटी. सिपना नदी इथून वाहते. कोरकूत सिपना म्हणजे साग, असं गाईडनं सांगितलं. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार अशा पाच नद्या मेळघाटातून वाहत तापीला जातात. देशात १९७३-७४ मध्ये पहिल्यांदा नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला एक मेळघाट. महाराष्ट्रातला पहिला.

एवढं ऐकून मुलांना वाटलं वाघ रांगेत उभे असतील. बाबांनी आधीच बजावलं, "ताडोबात वाघ रस्त्यावर येते. मेळघाटचा वाघ मानी आहे." खरं कारण मान नाही, उतार आहे. सगळे डोंगर आणि घळी, दाट झाडी. वाघ दहा पावलांवर असला तरी दिसायचा नाही. वाघच बघायचा असेल तर सरळ ताडोब्याला जावं, इथं येऊन गाईडला छळू नये. आमच्या पुढच्या जिप्सीतले लोक तेच करत होते.

सफारी दुपारची होती, म्हणून सकाळी सेमाडोहचं निसर्ग माहिती केंद्र बघितलं आणि बाहेर टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याची मुलगी, असेल आठ-नऊ वर्षांची, मातीत खडे मांडून खेळत होती. मुक्ता आधी लांबून बघत राहिली, मग जवळ जाऊन बसली. पाच मिनिटांनी दोघी मिळून मोजत होत्या : मिया, बारी, आफई, उफून, मोनोई. म्हणजे एक, दोन, तीन, चार, पाच. मी ऐकलं तसं लिहिते आहे, उच्चारात चूक असेल तर माझ्या कानाची. कोरकू ही संथाळी-मुंडारीच्या घरातली भाषा, मराठी-हिंदीशी रक्ताचं नातं नाही. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. बाकी मुंडा भाषा पार झारखंड-ओडिशाकडे, आणि ही एकटी बहीण सातपुड्यात दिलेली.

पाचाच्या पुढचे आकडे शिकायच्या आत गाडी सुटायची वेळ झाली. नील मोनोईवरच अडकला. त्याला तो शब्दच खाऊसारखा वाटला.

पेपरात मेळघाट येतो तो कुपोषणाच्या बातमीत, दर पावसाळ्यात. ती बातमी खोटी नाही. पण चाळीस वर्षं अमरावतीकर म्हणवून घेणाऱ्या मला कोरकूतला एक आकडा माहीत नव्हता, आणि बालमृत्यूंचे आकडे तोंडपाठ होते. चहा पिताना हे जरा घशात अडकलं. टपरीवाल्याला मी काही विचारलं नाही. त्यानं मात्र आपणहून मुलांसाठी दुधात साखर जास्त घातली.

कोलकासला सिपनेच्या वळणावर वनविभागाचं विश्रामगृह आहे. वरच्या कठड्यावरून खाली नदी, मोठाले दगड, पलीकडे जंगल. चार दिवसांतली सगळ्यात सुंदर जागा हीच. तिथं आम्ही तास दीड तास काहीही केलं नाही. हत्तीला नदीत घासून अंघोळ घालत होते, ते बघत नील इतका वेळ गप्प बसला की मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुपारी जिप्सी. थंडी, धूळ, आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं की येणारी शांतता. आधी सांबर. मग भेकर, एका उडीत गायब. मग एका वळणावर रानगवे, सात-आठांचा कळप. नर गवा बघितला नसेल तर सांगून कळायचं नाही : काळा कातळ, आणि त्याला पांढरे मोजे घातलेले. तो आमच्याकडे बघत उभा राहिला, आम्ही त्याच्याकडे. आईनं हळूच पदर डोक्यावर घेतला. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

गाईडनं एका वाळक्या फांदीकडे बोट दाखवलं. रानपिंगळा. हा पक्षी १८८४नंतर कुणाला दिसला नव्हता, संपला असंच धरलं होतं. ११३ वर्षांनी, १९९७मध्ये, तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि नंतर मेळघाटातही आहे असं कळलं. घुबडांच्या जातीतला असून दिवसाढवळ्या फिरतो. मुक्ताला दिसला, नवऱ्याला दिसला, बाबांनी दिसला म्हणून सांगितलं. मला ते शेवटपर्यंत सागाचं वाळलेलं पान वाटलं.

गाईड कोरकू होता, पंचविशीतला. त्याच्या मामाचं गाव व्याघ्र प्रकल्पासाठी आतल्या भागातून उठवून अकोटकडे वसवलं. वैराट, कोहा, कुंड, बोरी अशी बरीच गावं गेली आहेत. तिकडं रस्ता आहे, शाळा आहे, म्हणाला. मग थोडं थांबून, "मामा होळीले इकडं येते." होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. जुन्या गावाच्या जागी आता गवत आहे आणि गवतावर गवे. गवे बघून आम्हीही खूश झालो होतो, त्यामुळे यावर कुणी काही बोललं नाही.

परतताना बाबांना अकोला-खंडवा गाडी आठवली. ही मीटरगेज लाइन मेळघाटातून जायची, आणि धुळघाटाजवळ रूळ गोल वळसा घेऊन स्वतःच्याच वरून जायचे. "इंजिनाले आपलाच शेवटचा डबा दिसे!" रूळ रुंद करताना ती जंगलातूनच न्यायची की बाहेरून, यावर बरीच वर्षं वाद चालला. बाबांचं मत काय, असं मी विचारलं. "बाहेरून न्यावी," म्हणाले. आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

वाघ दिसला नाही. नीलनं झोपताना विचारलं, "वाघानं आपल्याला बघितलं असेल का?" बघितलं असेल, म्हटलं. तेवढ्यावर झोपला.

दिवस चौथा : मुक्ताचा डोंगर आणि बहिरमची हंडी

सकाळी भीमकुंड उभ्या उभ्या बघितलं. कीचकाला मारून भीमानं हात धुतले ती जागा. धुकं होतं, दरी दिसली नाही, कुंड तर नाहीच. पुढं.

घाट उतरून परतवाड्याहून मुक्तागिरी. जागा मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात आहे, पण परतवाड्याहून अर्ध्या तासाचा रस्ता. डोंगराच्या अर्धगोलात ५२ जैन मंदिरं, पांढरीशुभ्र, मधून धबधबा. डिसेंबरात धबधब्याची धार करंगळीएवढी उरते, पावसाळ्यात यायला हवं. मुक्ताला हा डोंगर आपल्या नावावर आहे असंच वाटत होतं, त्यामुळे पुढं तीच. चढायला अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बाबा खालीच थांबले. आई म्हणाली मी पण थांबते, आणि सगळ्यांच्या आधी वर पोचली.

याला मेंढागिरीही म्हणतात. ध्यानाला बसलेल्या मुनींसमोर वरून एक मेंढा येऊन पडला, त्यांनी त्याच्या कानात मंत्र सांगितला, तो मेल्यावर देव झाला, अशी कथा. नीलला मेंढ्याचं फार वाईट वाटलं. मग त्याला गुंतवायला मुक्तानं मंदिरं मोजायला लावली. तो मिया, बारी, आफई, उफून, मोनोई म्हणे आणि पुन्हा मियापासून सुरू करी. पुढचं येतंय कुणाला? मुक्ता एकेका मोनोईला एक बोट मिटत होती. एक पुजारी थोडा वेळ ऐकत राहिले, मग विचारलं, "कौनसी भाषा है, बेटा?" नील म्हणाला, "पाचाची."

जेवायला बहिरम. त्याच बैतूल रस्त्यावर, शेंदूर लावलेला मोठा बहिरमबुवा, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चालणारी जत्रा. एवढी लांबलचक जत्रा मला तरी दुसरी माहीत नाही. मुक्तागिरीचा जैन डोंगर आणि बहिरमची मटणाची हंडी एकाच दिवशी, याला वऱ्हाडीच पोट लागतं. तंबूत बसायचं, मातीच्या हंडीत मटण चुलीवर रटरटत असतं, सोबत गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे. आईसाठी वांग्याची भाजी आणि तेच रोडगे, वर तुपाची धार. रस्सा इतका तिखट की नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आणि बाबांच्या चेहऱ्यावर समाधान.

हंडी यायला उशीर होता. मुक्तानं चटईजवळच्या मातीत रेघा ओढायला घेतल्या. नील तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"आबा, मंदिरं बरोबर बावन्न आहेत."

"कशावरून?"

"दहा मोनोई आणि बारी."

बाबांनी आधी बोटांवर करून बघितलं. मग बरोबर आहे म्हणाले, आणि पोरांसाठी बिनतिखटाची एक हंडी वेगळी सांगितली. बिनतिखटाची हंडी बहिरममध्ये मिळत नाही, असं वाढप्यानं सांगितलं.